आधी आवृत्ती, मग सही: वुडहाउसच्या स्वाक्षरीच्या प्रती जमवू पाहणाऱ्यांसाठी

पहिली आवृत्ती समजून घेतलेली 'राइट हो, जीव्ज'ची एक प्रत आजही माझ्या कपाटात आहे. विक्रेत्याने वर्णनात १९३४ हे साल दिले होते, आतल्या कोऱ्या पानावर इंग्रज विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस यांची निळ्या शाईतली सही होती आणि किंमत ऐकून घरच्यांनी तोंडात बोटे घातली होती. पुस्तक आल्यानंतर चार दिवसांनी, शीर्षकपृष्ठासमोर छापलेली याच लेखकाच्या इतर पुस्तकांची यादी मी सहज वाचत गेलो, तेव्हा तिच्यात 'मनी इन द बँक' हे नाव दिसले. ही कादंबरी अमेरिकेत १९४२ साली आणि इंग्लंडमध्ये १९४६ साली निघाली. तिचे नाव १९३४ साली छापलेल्या पुस्तकात येणे शक्यच नव्हते. मग संशय आला म्हणून सहीवर भिंग धरले. ती एका पातळ चिठोऱ्यावर होती आणि तो चिठोरा, कडा नीट दाबून, कोऱ्या पानावर डकवलेला होता. एखाद्या पत्राच्या तळातून कापलेली ती सही खरी असेलही, पण त्या पुस्तकावर ती कधी झालेलीच नव्हती. खाली जे लिहीत आहे त्यातले बरेचसे मी या एका प्रतीकडून शिकलो आहे.

काय जमवायचे, हे आधी ठरवावे

वुडहाउस यांचे पहिले पुस्तक १९०२ साली आणि हयातीत पूर्ण झालेली शेवटची कादंबरी १९७४ साली प्रसिद्ध झाली. या काळात त्यांनी नव्वदांहून अधिक पुस्तके लिहिली, आणि त्यांतील बरीचशी इंग्लंड व अमेरिका अशा दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे निघाली. 'सगळे जमवीन' असे म्हणून सुरुवात करणारा माणूस दोन वर्षांत थकतो किंवा कर्जात जातो. सुरुवातीच्या शालेय कथा लंडनच्या ए. अँड सी. ब्लॅक या प्रकाशनाने काढल्या होत्या. त्यांच्या चांगल्या प्रती फार थोड्या उरल्या आहेत, आणि सहीसह त्या मिळवणे हा नवख्याचा खेळ नव्हे.

माझ्या मते सुरुवात शेवटाकडून करावी. वुडहाउस यांनी १९५२ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील रेम्सनबर्ग या गावी घर घेतले आणि पुढे १४ फेब्रुवारी १९७५ रोजी निधन होईपर्यंत ते तेथेच राहिले. या वर्षांत जगभरचे वाचक त्यांना पत्रे लिहीत, पुस्तके पाठवीत, आणि ते टंकलेखन यंत्रावर उत्तर लिहून खाली हाताने सही करीत. त्यामुळे १९५० नंतरच्या पुस्तकांवरील सह्या तुलनेने अधिक आढळतात, मूळ वेष्टने (बांधणीवरची सुटी कागदी आवरणे) टिकलेली असतात आणि किमती १९२०-३०च्या दशकांतील पुस्तकांच्या मानाने आवाक्यात राहतात. हुशार नोकर जीव्ज आणि त्याचा मालक बर्टी वूस्टर यांच्यावरच जीव असेल, तर १९५३ मधील 'रिंग फॉर जीव्ज'पासून १९७४ मधील 'आंट्स आरन्ट जंटलमेन'पर्यंतचा टप्पा नवख्याला पुरेसा आहे. त्यातही 'मच ऑब्लाइज्ड, जीव्ज' हे पुस्तक १५ ऑक्टोबर १९७१ रोजी, म्हणजे लेखकाच्या नव्वदाव्या वाढदिवशी निघाले. पहिली खरेदी म्हणून मी नेहमी तेच सुचवतो.

पहिली आवृत्ती ओळखणे

मराठी वाचकाचा येथे हमखास गोंधळ होतो, कारण आपल्याकडे 'आवृत्ती' आणि 'मुद्रण' हे शब्द प्रकाशकही सैलपणे वापरतात. नुसते पुन्हा छापलेले पुस्तकसुद्धा 'आवृत्ती दुसरी' म्हणून बाजारात येते. इंग्रजी पुस्तकांच्या व्यवहारात संग्राहक जिला पहिली आवृत्ती म्हणतो ती म्हणजे पहिल्या आवृत्तीचे पहिले मुद्रण. तीच अक्षरजुळणी, तेच कापड, तोच आकार असूनही सहा महिन्यांनी छापलेली प्रत त्यात बसत नाही.

इंग्लंडमध्ये १९१८ पासून १९६९ पर्यंत वुडहाउस यांचे प्रमुख प्रकाशक हर्बर्ट जेंकिन्स हे होते. १९७० पासूनच्या पुस्तकांवर बॅरी अँड जेंकिन्स असे नाव दिसते. जेंकिन्सची पुनर्मुद्रणे अमाप आहेत. काहींवर कितवे मुद्रण ते छापलेले असते, काहींवर कितव्या हजारातील प्रत ते असते, आणि काहींवर पुनर्मुद्रणाचे साल कोठेच नसते. नवखा माणूस फसतो तो या शेवटच्या प्रकारात. म्हणून पुस्तक हातात आल्यावर मी पुढील क्रमाने पाहतो आणि हा क्रम मोडत नाही.

प्रथम शीर्षकपृष्ठ आणि त्यामागचे पान वाचावे. तेथील प्रत्येक ओळ, अगदी मुद्रकाचे नावसुद्धा, वहीत उतरवून घ्यावी. त्यानंतर लेखकाच्या इतर पुस्तकांची यादी पाहावी. या यादीतील शेवटचे नाव हातातल्या पुस्तकाच्या नंतरचे असेल, तर पुढे काही तपासायची गरज उरत नाही. यादी निर्दोष निघाली, तर पुस्तकाच्या शेवटी प्रकाशकाने दिलेल्या जाहिराती असल्यास त्यांतही हेच पाहावे. मग कापडाचा रंग आणि कण्यावरील अक्षरांचा रंग तपासावा, कारण पुनर्मुद्रणात कापड बदललेले पुष्कळदा आढळते. सर्वांत शेवटी वेष्टन.

वेष्टन शेवटी पाहण्याचे कारण असे की ते निघते. पुस्तक एका प्रतीचे आणि वेष्टन दुसरीचे, हा प्रकार या व्यवहारात इतका जुना आहे की वेष्टनाच्या आधारे आवृत्ती ठरवणे म्हणजे शालीवरून माणसाचे वय ठरवण्यासारखे आहे. जेंकिन्सच्या १९२० आणि १९३०च्या दशकांतील नव्या कादंबऱ्यांची किंमत साडेसात शिलिंग असे, आणि वेष्टनावर ती '७/६ नेट' अशी छापलेली असे. दोन किंवा साडेतीन शिलिंगांची किंमत दिसली तर ते वेष्टन स्वस्त पुनर्मुद्रणाचे आहे असे समजावे. किमतीचा कोपराच कापलेला असेल, तर हा पुरावा गेला. ती प्रत त्याज्य ठरत नाही, पण तिची किंमत उतरली पाहिजे. वेष्टनाच्या मागच्या बाजूला आणि आत दुमडलेल्या घड्यांवर ज्या पुस्तकांच्या जाहिराती असतात, त्यांची सालेही जुळवून पाहावीत.

अमेरिकी आवृत्त्या त्या मानाने सरळ आहेत. डबलडे, डोरन यांच्या पुस्तकांत पहिल्या आवृत्तीचा आणि सायमन अँड शुस्टर यांच्या पुस्तकांत पहिल्या मुद्रणाचा उल्लेख सहसा मालकीहक्काच्या पानावर स्पष्ट असतो. ए. एल. बर्ट किंवा ग्रॉसेट अँड डनलॅप ही नावे दिसली, तर ती पुनर्मुद्रणे काढणारी घराणी होती एवढे लक्षात ठेवावे.

अमेरिकी पुस्तकांचा खरा घोळ नावांचा आहे. 'राइट हो, जीव्ज' तेथे 'ब्रिंक्ली मॅनर' झाले, 'जीव्ज अँड द फ्यूडल स्पिरिट' हे 'बर्टी वूस्टर सीज इट थ्रू' झाले, 'जीव्ज इन द ऑफिंग' हे 'हाउ राइट यू आर, जीव्ज' झाले आणि 'आंट्स आरन्ट जंटलमेन' हे 'द कॅट-नॅपर्स' झाले. नवे पुस्तक सापडले म्हणून आनंदाने उघडावे आणि पहिल्याच पानावर बर्टीची ओळखीची आत्या भेटावी, असे एकदा तरी होतेच.

दोन देशांपैकी खरी पहिली आवृत्ती कोणती, यावर संग्राहकांत कायमचा वाद आहे. एक पक्ष म्हणतो की लेखक इंग्रज, म्हणून इंग्लंडची आवृत्ती महत्त्वाची. दुसरा म्हणतो की जी आधी निघाली ती पहिली. ब्लँडिंग्ज या काल्पनिक वाड्यावरील पहिली कादंबरी अमेरिकेत 'समथिंग न्यू' या नावाने ३ सप्टेंबर १९१५ रोजी आणि इंग्लंडमध्ये 'समथिंग फ्रेश' या नावाने १६ सप्टेंबर रोजी निघाली. 'जॉय इन द मॉर्निंग' अमेरिकेत १९४६ साली आणि इंग्लंडमध्ये १९४७ साली आले. मी तारखेच्या बाजूचा आहे. पण तुमचा पक्ष कोणताही असो, तो खरेदीपूर्वी ठरलेला असावा, नाहीतर विक्रेता आपल्याजवळ जी प्रत असेल तिच्या सोयीचा पक्ष तुमच्यासाठी ठरवतो.

हे सर्व तपासण्यासाठी एक ग्रंथ हाताशी हवा: आयलीन मॅकिल्व्हेन, लुईस शर्बी आणि जेम्स हाइनमन यांनी सिद्ध केलेली वुडहाउस यांची समग्र ग्रंथसूची, जी १९९० साली न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाली. जाणकार विक्रेते आपल्या वर्णनात 'मॅकिल्व्हेन' असे लिहून पुढे तिच्यातील क्रमांक देतात. ग्रंथ महाग आहे, पण एका चुकीच्या खरेदीहून महाग नाही.

मुंबई-पुण्याच्या पदपथांवर काय मिळते

फ्लोरा फाउंटनच्या परिसरात किंवा पुण्यात रद्दीवाल्यांकडे वुडहाउस यांची नारिंगी कापडाची, वेष्टन हरवलेली जेंकिन्सची पुस्तके अजून अधूनमधून दिसतात. आतल्या पानावर मुंबईच्या थॅकरसारख्या जुन्या पुस्तकविक्रेत्याची इवलीशी चिठ्ठी असली की मला तिचाच मोह पडतो. ही बहुतेक पुनर्मुद्रणे असतात. ती वाचायला घ्यावीत आणि आवृत्ती ओळखण्याचा सराव करायला घ्यावीत. शंभर-दोनशे रुपयांत याहून चांगली शाळा मिळणार नाही. वीसेक प्रती वर सांगितलेल्या क्रमाने तपासल्या की डोळा तयार होतो.

पुण्याचा एक खरा धागाही या लेखकाला आहे. त्यांचे थोरले बंधू आर्मिन वुडहाउस भारतात इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि काही काळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवीत. त्यामुळे 'लेखकाने भावाला पाठवलेली प्रत' अशी कथा एखाद्या पुस्तकाबरोबर ऐकू येणे अशक्य नाही. कथा ऐकावी, दाद द्यावी, आणि पानावर हस्ताक्षरात तसे लिहिलेले नसेल तर नेहमीच्या पुस्तकाचीच किंमत द्यावी.

सही तपासणे

आता सहीकडे वळू. पहिली गोष्ट म्हणजे छापील अर्पणपत्रिका आणि हाताने लिहिलेला मजकूर यांत फरक असतो. 'द हार्ट ऑफ अ गूफ' या १९२६ सालच्या पुस्तकाची अर्पणपत्रिका प्रसिद्ध आहे: मुलगी लिओनोरा हिची सहानुभूती आणि प्रोत्साहन नसते, तर हे पुस्तक निम्म्या वेळात पूर्ण झाले असते, अशा आशयाची. ती प्रत्येक प्रतीत छापलेली आहे. तरीही 'लेखकाने मुलीला अर्पण केलेली प्रत' असे वर्णन करून दामदुप्पट मागणारे विक्रेते मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे चरित्र पाठ करावे. सहीच्या वळणांपेक्षा तारीख आणि स्थळ यांनी खोट्या सह्या अधिक पकडल्या जातात. वुडहाउस १९३९ च्या जूनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाची मानद पदवी घेण्यास इंग्लंडला गेले होते. पुढच्या वर्षी फ्रान्समधील ल तुके येथे ते जर्मनांच्या हाती सापडले. नंतर स्थानबद्धता, १९४१ सालची बर्लिनहून केलेली ती दुर्दैवी नभोवाणी भाषणे, पॅरिस, आणि १९४७ साली अमेरिका. १९३९ नंतर ते इंग्लंडला परत गेलेच नाहीत. तेव्हा सहीखाली 'लंडन, १९५१' असे लिहिलेले असेल, तर ते पान उलटून पुस्तक शांतपणे परत ठेवावे. 'सर' ही उपाधी त्यांना १९७५ च्या नववर्षाच्या यादीत मिळाली आणि सहा आठवड्यांतच ते गेले. सहीबरोबर ती मिरवणारी प्रत दिसली, तर भिंग काढण्याचेही श्रम घेऊ नयेत.

तिसरी गोष्ट शाईची. बॉलपेन अमेरिकेच्या बाजारात १९४५ साली आले. १९२३ च्या पुस्तकावर बॉलपेनची सही असणे संशयास्पद नाही, कारण मालकाने ते पुस्तक चाळीस वर्षांनी रेम्सनबर्गला पाठवलेले असू शकते. पण त्याच सहीखाली १९२५ ही तारीख असेल, तर खेळ संपला. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन पाहिले असता हाताची सही कोठे जाड, कोठे बारीक दिसते, वेगात सुटलेल्या रेषेचे टोक निमुळते होते. छापलेली सही ठिपक्यांची किंवा सर्वत्र सारख्या काळोखीची दिसते. नक्कल करणाऱ्याचा हात जेथे थबकतो तेथे शाईचा बारीक थेंब साचतो, आणि रेषा थरथरते. म्हातारपणीच्या खऱ्या सहीतही कंप असतो, हे मात्र विसरू नये. म्हणून तुलनेसाठी त्याच दशकातील सह्या घ्याव्यात. फार जुन्या, पिवळ्या पडलेल्या कागदाची खळ मेलेली असते आणि त्यावर नव्याने टाकलेली पातळ शाई कडेने फुटते. जुन्या कागदावरची फुटलेली सही पाहिली की मी दोन पावले मागे सरतो.

तुलनेसाठी सह्या कोठून आणाव्यात? मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या सूची छायाचित्रांसह उपलब्ध असतात. त्यांतून पंचवीस-तीस सह्या सालवार लावून एक वही करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण महिनाभर केल्यावर वुडहाउस यांचा 'डब्ल्यू' झोपेतही ओळखू येतो.

नुसती सही घ्यावी की कोणाच्या तरी नावाने लिहिलेला मजकूर आणि सही घ्यावी? नवख्यांना नुसती सही स्वच्छ वाटते. दुसऱ्याचे नाव असलेली प्रत उष्टी वाटते. मला उलट वाटते. चार शब्दांची नक्कल करण्यापेक्षा चार ओळींची नक्कल अवघड असते, आणि ज्याच्या नावे मजकूर आहे ती व्यक्ती कोण, हे शोधता आले तर प्रतीला पूर्वपीठिका मिळते. पुस्तकाबरोबर मूळ मालकाला आलेले पत्र, पाकीट किंवा पोस्टाचा शिक्का असेल, तर त्याचे मोल सहीइतकेच आहे. सहीची प्रत परवडत नसेल, तर सही नसलेली पहिली आवृत्ती घ्यावी आणि लेखकाने सही केलेले एखादे टंकलिखित पत्र स्वतंत्रपणे घ्यावे. दोन्ही शेजारी ठेवावीत. कात्री आणि डिंक मात्र लांब ठेवावा.

खरेदी

सूचीतील इंग्रजी शब्दांचे अर्थ शब्दकोशात सापडत नाहीत. 'फाइन' म्हणजे जवळजवळ नवे. 'व्हेरी गुड' म्हणजे बरे. आणि 'गुड' म्हणजे वाईट. 'साइन्ड' म्हणजे नुसती सही, 'इन्स्क्राइब्ड' म्हणजे हाताने लिहिलेला मजकूर, 'लेड इन' म्हणजे पुस्तकात सुटे ठेवलेले, आणि 'टिप्ड इन' म्हणजे चिकटवलेले. हा शेवटचा शब्द मला तेव्हा ठाऊक असता तर लेखाच्या सुरुवातीची कथा घडली नसती. 'फॅक्सिमिली जॅकेट' म्हणजे नव्याने छापलेले वेष्टन. ते शोभेला ठीक, किंमत वाढवायला नाही.

विक्रेत्याकडे शीर्षकपृष्ठ, त्यामागील पान, इतर पुस्तकांची यादी, सहीचे संपूर्ण पान आणि वेष्टनाच्या दोन्ही घड्या यांची छायाचित्रे मागावीत. सहीचे पान तिरप्या उजेडात टिपून मागावे. डकवलेल्या चिठोऱ्याची कड त्या उजेडात उठून दिसते. सही कोठून आली हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी घ्यावे. १९४७ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय दुर्मीळ ग्रंथविक्रेता संघाच्या सदस्यांकडे प्रती महाग पडतात, परंतु वर्णन चुकीचे ठरल्यास पुस्तक परत घेण्याची जबाबदारी ते स्वीकारतात. सुरुवातीच्या दोन-तीन खरेद्या तरी अशाच ठिकाणी कराव्यात. विकणाऱ्याने स्वतःच छापलेल्या प्रमाणपत्रावर मी एक पैसाही जास्त देत नाही. परदेशातून मागवताना टपालखर्च, विमा आणि सीमाशुल्क आधीच हिशेबात धरावे, आणि पाकिटावर किंमत कमी लिहिण्याची विनंती करू नये. पुस्तक वाटेत हरवले तर भरपाई तेवढीच मिळते.

घरी आल्यावर

कोकणपट्टीच्या पावसाळ्यात इंग्रजी कापडी बांधणीला बुरशी धरायला आठवडा पुरतो. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, पुस्तके उभी आणि किंचित सैल ठेवावीत, सिलिका जेलच्या पुड्या दर महिन्याला बदलाव्यात आणि ऊन पडलेल्या दिवशी दारे तासभर उघडी टाकावीत; पुस्तके मात्र उन्हात ठेवू नयेत, नारिंगी कणा पाहता पाहता विटतो. डांबरगोळ्या कागदाला टेकू देऊ नयेत. वेष्टनावर पारदर्शक पॉलिएस्टरचे आवरण घालावे. शाळेच्या पुस्तकांना घालतो ते प्लास्टिक कालांतराने चिकटते, आणि चिकटपट्टी तर फाटलेल्या वेष्टनालाही लावू नये. सहीच्या पानासमोर आम्लविरहित पातळ कागदाचा एक तुकडा सुटा ठेवावा.

प्रत्येक प्रतीची नोंद वहीत करावी: कोणाकडून, कधी, कितीला, ग्रंथसूचीतील क्रमांक कोणता, कोणते दोष. पावती, पत्रव्यवहार आणि विक्रेत्याचे मूळ वर्णन एका पाकिटात घालून त्यावर तोच क्रमांक टाकावा. माझ्या वहीतील पहिली नोंद त्या १९३४ च्या म्हणवल्या गेलेल्या प्रतीची आहे. दोषांच्या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून ती समासात गेली आहे.